शांत कॉलनीत घर घ्यायचंय? मग आधी रात्री ११ नंतर एक चक्कर मारा

घर बघायला रविवारी सकाळी बोलावतात ना, ते उगाच नाही. त्या वेळी कुठलीही वस्ती शांतच असते, एजंट आधीच येऊन पडदे सरकवून उजेड करून ठेवतो, बाहेर एखादा पक्षी ओरडतो आणि आपण तिथेच विरघळतो. आम्ही पण विरघळलो होतो. नशीब एवढंच की ते घर विकत नव्हतं घेतलं, भाड्याने घेतलं होतं. चौथ्या की पाचव्या रात्री कळलं की अर्धा एक किलोमीटरवर एक गोडाऊन आहे आणि तिथे रात्री ट्रक लागतात, ट्रक रिव्हर्स घेताना जो पीं-पीं-पीं आवाज येतो तो थेट उशीपाशी.

आणि दिवसा त्याच खिडकीत उभं राहिलं तर काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही, त्यामुळे दोन आठवडे मला वाटत होतं की आपल्यालाच भास होतोय. भास नव्हता. आभाळ मोकळं असलेल्या, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, मग वर निघालेला आवाज परत खाली वळतो आणि लांबपर्यंत जातो. दिवसा ऊन असताना बरोब्बर उलटं, आवाज वर निघून जातो. त्यामुळे दिवसा घर बघून "वा, काय शांत आहे" म्हणण्यात तसा काही अर्थ नाही.

तर करायचं काय, एकाच घरापाशी किमान ३ वेळा जायचं. एकदा कामाच्या दिवशी सकाळी ७-८ ला, एकदा संध्याकाळी लोक घरी परततात तेव्हा, आणि एकदा रात्री ११ नंतर. गाडी बंद करा, काचा खाली करा, मोबाईल खिशात टाका आणि १५ मिनिटं नुसतं गप्प बसा. पहिली ५ मिनिटं काहीच जाणवत नाही, मग हळूहळू एकेक वर यायला लागतं, कुठेतरी पंप चालू आहे, कुठेतरी कुत्रं आहे आणि ते थांबतच नाहीये, लांबून रस्त्याची एकसारखी घरघर.

फोनवरचं डेसिबलचं ॲप काटेकोर नसतं, पण एकाच फोनने दोन जागा मोजून तुलना करायला चालतं. १० डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट आवाज वाटतो, एवढं लक्षात ठेवलं की आकडे वाचता येतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये युरोपसाठी सांगितलेली मर्यादा घराबाहेर रात्री ४० डेसिबलची आहे, अर्थात ती वर्षभराची सरासरी, तुमच्या १५ मिनिटांची नाही. मोठ्या रस्त्याबद्दल लोकांचा एक ठाम गैरसमज असतो की थोडं आत गेलं की झालं. वाहत्या रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट केलं तरी आवाज फक्त ३ डेसिबलच्या आसपास कमी होतो, म्हणजे २०० मीटरच्या जागी ४०० वर गेलात तर जेमतेम जाणवेल इतका फरक. आणि झाडांची एक रांग जवळपास काहीच अडवत नाही हो, रस्ता दिसेनासा होतो म्हणून मनाला बरं वाटतं तेवढंच. अडवते ती भिंत, मातीचा उंचवटा किंवा मधे उभी असलेली दुसरी इमारत.

आता मुद्द्याचं. बऱ्याच वस्त्या शांत असतात कारण शेजारी अजून कोणी आलेलंच नसतं. खिडकीतून दिसणारी मोकळी जागा तुमची नाही, ती कुणाची तरी आहे आणि तो कधीतरी तिथे काहीतरी बांधणार. तेव्हा स्थानिक प्रशासनाच्या ऑफिसात जाऊन त्या भागाचा विकास आराखडा बघा, आजूबाजूचे प्लॉट कशासाठी राखीव आहेत, कुठला रस्ता रुंद होणार आहे, कुठला नवा येणार आहे. एजंटला विचारू नका, तो "इथे काही होणार नाही" असंच सांगणार. बंद गल्लीतलं घर असेल तर गल्लीच्या टोकापर्यंत चालत जा. शेवटी गाडी वळवायला नीट गोल जागा केली असेल तर गल्ली तिथेच संपवायची म्हणून बांधलेली असण्याची शक्यता जास्त. पण रस्ता पूर्ण रुंदीनिशी सरळ जाऊन नुसताच कुंपणाला टेकलाय, तर बहुतेक तो पुढे न्यायचाय, आणि ज्या दिवशी जाईल त्या दिवसापासून तुमची गल्ली शॉर्टकट.

शेजाऱ्यांशी बोला, पण "इथे काही त्रास आहे का" असं विचारलंत तर सगळे "छान आहे हो" म्हणतात. पाऊस जोरात झाला की पाणी कुठे साचतं? पाहुणे आले की गाड्या कुठे लावता? रात्री डॉक्टर लागला तर कुठे जाता? असं नेमकं विचारलं की माणसं बरोबर बोलायला लागतात.

घराच्या आतलं पटकन सांगते. एकाच भिंतीला खालपर्यंत ताजा रंग असेल तर ओल झाकलेली असू शकते, भिंतीवर पांढरी पावडर फुटलेली दिसली तरी तेच. सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा, काटा फिरत असेल तर कुठेतरी गळतंय. कागदपत्रं तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्या, विकणाऱ्याने सुचवलेल्या नको.

पैशाचं म्हणाल तर लांब घर स्वस्त वाटतं खरं. पण एका बाजूला ४० मिनिटं जास्त लागत असतील तर वर्षाच्या २४० कामाच्या दिवसांत ३२० तास जातात, म्हणजे ८-८ तासांचे ४० दिवस. शिवाय घरात दुसरी गाडी लागतेच, आणि मुलं मोठी झाली की त्यांचे ड्रायव्हर आपणच. हे सगळं त्या "स्वस्त" मधे मिळवून बघा. कर्जाचं पण तसंच, ९ टक्क्यांनी २० वर्षांचं घेतलं तर दर १०० मागे शेवटपर्यंत २१६ च्या आसपास भरता आणि पहिल्या हप्त्याचे ६ भाग केले तर ५ व्याजात जातात, त्यामुळे ३ वर्षांत कंटाळून विकायचं ठरवलं तर मुद्दल फारसं हललेलंच नसतं. म्हणून जमत असेल तर त्याच भागात आधी ६ महिने भाड्याने राहा, सामान दोनदा हलवायचा वैताग आहे, मान्य.

आम्ही शेवटी घेतलं त्या घराच्या बाल्कनीसमोर मोठं रिकामं मैदान आहे. आराखडा काढून बघितला तर जागा शाळेसाठी राखीव निघाली. नवरा म्हणाला सोडूया, मी म्हटलं घेऊया, कारण मधल्या सुट्टीत पोरं ओरडतील तेव्हा आम्ही दोघं ऑफिसात असू, आणि रात्री शाळेत ट्रक लागत नाहीत.