लेन्स नंतर घ्या, आधी माणूस घ्या: तान्ह्या बाळांचे फोटो काढू पाहणाऱ्यांसाठी

चातुर्मास लागला की लग्नाच्या ऑर्डरी आटतात आणि आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या पोरापोरींना न्यूबॉर्न शूट आठवतं. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, लेन्स कुठली घेऊ?" लग्नाला वापरता ती ५० मिमी चालेल की! पैसे गाठीला असतील तर त्यात एक माणूस ठेवा. शूट संपेपर्यंत ज्याची नजर बाळावरून हलणार नाही, हात बाळापासून वीतभराच्या आत राहील आणि जो लाईट सरकवायला, फोन घ्यायला, चहा आणायला उठणार नाही, असा माणूस. या धंद्यात त्याला स्पॉटर म्हणतात. कॅमेऱ्याला डोळा लावला की आपल्याला चौकटीबाहेरचं काही दिसत नाही, आणि तान्हं बाळ गाढ झोपेतही दोन्ही हात फाकून अचानक दचकतं. पहिले तीनेक महिने हे चालायचंच. बीनबॅगच्या काठावर ठेवलेलं बाळ एवढ्या झटक्यानेही घरंगळू शकतं.

आईवर हे काम टाकू नका. तिचे टाके ओले असतात, रात्रीची झोप झालेली नसते. तिला खुर्ची द्या, पाणी द्या. आजी मात्र सोन्यासारखी. एका आजींना मी म्हटलं, "आजी, हात इथे ठेवा." त्या म्हणाल्या, "तू तुझं फोटोचं बघ गं, बाळ कसं धरायचं ते मला नको सांगूस." बघते तर त्यांचा तळवा आधीच मानेखाली, अंगठा कानामागे. फक्त आजींना एक अट घालावी लागते: पाहुण्यांचा फोन आला तरी उठायचं नाही.

आता त्या प्रसिद्ध बेडूक पोझबद्दल. बाळ कोपरं टेकून, हनुवटी तळहातांवर ठेवून बसलंय असा फोटो पालक मोबाईलवर दाखवतात आणि म्हणतात, "आम्हाला हाच हवा." तो एक फोटो नसतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, फ्रेम पक्की. पहिल्या क्लिकला स्पॉटरची बोटं वरून डोकं धरतात आणि मनगटं मोकळी दिसतात. दुसऱ्या क्लिकला तोच माणूस खालून मनगटं आणि हात एकत्र धरतो, वरून डोकं मोकळं दिसतं. मग फोटोशॉपमध्ये दोन्ही जोडून बोटं पुसून टाकतात. बाळ एक क्षणही सुटं नसतं. फांदीला टांगलेल्या झोळीचंही तेच. बाळ खाली गादीवर, झोळी जमिनीला टेकलेली, फांदी नंतर चिकटवलेली. हे ठाऊक नसलेला नवखा माणूस फोटो बघून तसंच्या तसं करायला जातो, ती खरी भीती. मी स्वतः बेडूक पोझ घेत नाही. वेळ फार जातो, बाळ वैतागतं आणि छान गुंडाळलेल्या बाळाचा साधा फोटोच शेवटी भिंतीवर लागतो.

श्वासाचं गणित मात्र कुठल्याही पोझच्या आधी समजून घ्या. तान्ह्याच्या लांबीचा जवळजवळ पाव भाग डोकंच असतं आणि ते पेलायची ताकद मानेत नसते. टोपलीत किंवा बादलीत बसतं केलं आणि डोकं पुढे झुकलं, की हनुवटी छातीला टेकते आणि मऊ, अरुंद श्वासनलिका दुमडते. अशा वेळी बाळ रडून सांगत नाही, आवाज न करता गप्प होतं. म्हणून हनुवटी आणि छाती यांच्यात एक बोट जाईल एवढी जागा कायम हवी आणि दोन्ही नाकपुड्या उघड्या दिसायला हव्यात. पालथं झोपवून काढायचा फोटो असेल तर गाल टेकलेला, चेहरा पूर्ण बाजूला. मऊ गादीत नाक रुतत नाही ना, हे दर क्लिकमागे बघायचं. पोटभर दूध पिऊन आलेल्याला ढेकर काढल्याशिवाय पालथं घालू नये.

श्वास मोजायला गेलात तर घाबराल, म्हणून आधीच सांगते. नवजात बाळ मिनिटाला ४० ते ६० श्वास घेतं, तेही एकसारखे नाहीत. मध्येच पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू होतं. पहिल्या दिवसांत हातपाय जरा निळसर दिसणंही नेहमीचं. पण पोझमध्ये एकच पाय जांभळा पडायला लागला, तर तो दुमडून दाबला गेलाय, लगेच मोकळा करा. ओठ किंवा जीभ निळी दिसली, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा बाळ कण्हत असेल, तर कॅमेरा खाली ठेवायचा आणि सरळ दवाखाना. १०८ नंबर स्टुडिओच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

उबेचं म्हणाल तर, उघड्या अंगाने फोटो काढायचे असतील तेव्हा खोली २६ ते २८ अंशांवर असावी. थर्मामीटर भिंतीवर उंच नको, बीनबॅगच्या पातळीला ठेवा. हिवाळ्यात हीटर विजेवरचा, आत तेल भरलेला घ्या, लाल तारेचा नको, आणि तो बाळापासून लांब. शेकायची इलेक्ट्रिक पिशवी अंगाखाली ठेवायची नाहीच. दुपटं आधी गरम करून घ्या आणि पिशवी बाजूला काढा. बाळ गार पडलंय की तापलंय हे हातपाय चाचपून कळत नाही, मानेमागे आणि छातीवर हात लावा. मान घामेजली असेल तर एक थर काढा. मे महिन्यात उलटा प्रश्न येतो. एसीचा झोत बाळावर नको, आणि "वारं लागेल" म्हणून चार दुपट्यांत कोंबलेलं बाळ आलं तर आधी ते सोडवा.

परदेशी व्हिडिओत सगळे सांगतात की पहिल्या दोन आठवड्यांतच शूट करा, तेव्हा बाळ गुडुप झोपतं आणि पोटातल्यासारखं गोळा होतं. खरं आहे. पण आपल्याकडे तेव्हा पाचवी असते, बारसं असतं, आणि सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. स्टुडिओत येतं ते चाळीस दिवसांचं, पाय ताणणारं, टक्क डोळे उघडं बाळ. त्याला आठ दिवसांच्या बाळासारखं दुमडायचा प्रयत्न करणं म्हणजे अंगाशी जबरदस्ती. नाळ पडायच्या आत फोटो हवेच असतील तर कॅमेरा घेऊन घरी जा. खिडकीजवळ, त्यांच्याच पलंगावर, पांढऱ्या चादरीवर काम होतं. बेंबीवर रॅपची, म्हणजे बाळाला गुंडाळायच्या कापडाची, गाठ येऊ देऊ नका, एवढंच. आणि सव्वा महिन्यानंतरच्या बाळाला नावं ठेवू नका. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास बाळ माणसाकडे बघून हसायला लागतं, ते आठ दिवसांच्या बाळाकडे कुठून येणार?

जुन्या स्टुडिओवाल्यांचं इथे मला कौतुक वाटतं. प्रत्येक घरात एक कृष्णधवल फोटो असतो: गादीवर उघडंबंब बाळ पालथं, मान वर करून कॅमेऱ्याकडे बघतंय. ते बाळ तीन-चार महिन्यांचं असतं. मान स्वतःची स्वतः धरता आल्याशिवाय तो फोटो निघतच नव्हता.

सहा आठवड्यांची आणखी एक भानगड म्हणजे लस. पेंटाव्हॅलेंटचा, म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरच्या लसीचा, पहिला डोस तेव्हाच असतो. त्या आणि दुसऱ्या दिवशी बाळ तापू शकतं, मांडी दुखरी असते. लसीचं कार्ड बघून तारीख ठरवा, टोचलेल्या बाजूवर झोपवू नका. त्या डोसच्या आधी बाळाला स्वतःच्या लसीचं डांग्या खोकल्यापासून काही संरक्षण नसतं, म्हणून खोकणारा माणूस खोलीत नको, मग तो तुम्ही असलात तरी. ओठावर पुरळ आलेल्याने बाळाच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, त्या पुरळाचा, नागिणीच्या जातीचा विषाणू नवजात बाळाला जिवावरचा ठरू शकतो. अंगठ्या, घड्याळ काढा, नखं कापा, हात साबणाने धुवा. अत्तर नको. एका बाळाचं दुपटं धुतल्याशिवाय दुसऱ्याला नको.

एक गोष्ट व्हिडिओत सापडणार नाही, कारण ती आपल्याच घरांतली आहे. सकाळी मालिश झालेलं बाळ तेलाने निसरडं असतं, दोन्ही हातांतून सटकतं. शिवाय लाईटखाली कपाळ चकाकतं ते वेगळंच. घरच्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा की उद्या तेल नको, नुसती अंघोळ. अंघोळ, दूध आणि मग झोप हा बाळाचा रोजचा क्रम असतो, त्या झोपेतच आपलं काम उरकायचं. काजळ डोळ्यात घालू नका म्हणून सांगा. तीट कपाळावर असू द्या, फोटोत ती गोडच दिसते.

मनगटातले काळे मणी, वाळे, करदोटा यांना हात लावण्याआधी विचारा. काही घरांत काढत नाहीत. तिथे निदान मणी पक्के ओवलेत का ते बघा, सुटा मणी घशात जातो. लोकरीच्या टोपड्यांचे आणि मोज्यांचे धागे, आईचे गळलेले केस बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळले जातात आणि बोट सुजतं. रॅप सोडताना दहाही बोटं उघडून पाहायची सवय लावा. डोक्याच्या पट्ट्या सैल हव्यात, टाळूवर दाब नको. आणि गुंडाळताना पाय सरळ ताणून घट्ट आवळायची आपली जुनी पद्धत सोडा. खुब्याचा सांधा कच्चा असतो. वरचा भाग नीट, खाली पाय दुमडून हलतील एवढी जागा.

प्रॉपमध्ये, म्हणजे फोटोतल्या मांडणीच्या सामानात, काचेची बरणी आणि तारेची टोपली मी ठेवतच नाही. आपलं पितळी घंगाळ फार देखणं दिसतं. पण त्याचं बूड गोल, ते डुलतं, आणि धातू गार असतो. खाली जाड चुंबळ ठेवा, आत गोधडी भरा, बुडाशी वाळूची पिशवी, मगच बाळ. लाईटच्या प्रत्येक स्टँडच्या पायावरही वाळूची पिशवी हवी. वरून फोटो घ्यायचा असेल तर कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात आणि लेन्सचं हूड घट्ट बसवलेलं. फ्लॅश उजेड मऊ करणाऱ्या मोठ्या सॉफ्टबॉक्समधून, बाळाच्या डोक्याकडून तिरका. पायाकडून आला की नाकपुड्यांत उजेड भरतो आणि चेहरा भुतासारखा दिसतो.

शिकायचं कुठे? वजनदार बाहुली मिळते, तिच्यावर रॅपचा सराव करा, पण बाहुलीची मान बाळासारखी लुळी पडेलच असं नाही हे लक्षात असू द्या. बाळ धरायला शिकायचं असेल तर आठवडाभर गल्लीतल्या मालिशवाल्या मावशींबरोबर बसा, कुठल्याही वर्कशॉपपेक्षा जास्त कळेल. आणि प्रथमोपचाराचा वर्ग करा. रेड क्रॉस, सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असे वर्ग घेतात. तिथे तान्ह्या बाळाचा सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवणं) आणि घशात काही अडकल्यावर काय करायचं हे शिकवतात का, ते आधी विचारा. मोठ्या माणसाचा सीपीआर बाळाला चालत नाही. व्हिडिओ बघून तो येत नाही, पुतळ्यावर हात चालवावा लागतो.

बाळ पिवळं दिसलं तर एडिटिंगमध्ये रंग जरूर सुधारा, पण आधी आईला शांतपणे सांगा, "डॉक्टरांना दाखवलंय ना?" कावीळ आहे की नाही हे ठरवणं आपलं काम नाही. तळपाय-तळहातही पिवळे असतील तर शूट पुढे ढकला. आठव्या महिन्यात जन्मलेलं किंवा काचेच्या पेटीत राहून आलेलं बाळ असेल तर वय प्रसूतीच्या मूळ तारखेपासून धरा आणि डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय तारीख देऊ नका.

पैशांबाबत एकच हट्ट धरते. बाजारात "दहा पोझ, तीन सेटअप" अशी पॅकेजं विकली जातात. आठवी पोझ राहिली म्हणून रडणाऱ्या बाळाला पुन्हा उघडं करायची वेळ त्या आकड्यामुळेच येते. माझ्या कोटेशनमध्ये पोझची संख्या नसते. तीन तासांचा वेळ, स्पॉटरचा खर्च धरून, दिवसाला एकच बाळ. प्रसूतीची तारीख मागेपुढे होतेच, म्हणून तारीख बदलायचे पैसे घेत नाही. बाळ आजारी पडलं तर आगाऊ रक्कम पुढच्या महिन्याला वळती होते. फोटो कुठे दाखवायचे याची लेखी परवानगी आई-वडिलांकडून वेगळ्या कागदावर घेते, आणि उघड्या बाळाचे फोटो परवानगी असली तरी इन्स्टाग्रामवर टाकत नाही.