चोक सोडला की बुलेट बंद पडायची, त्यावरचा उपाय
जुनी ३५० बुलेट, चोक (पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) लावला की मस्त चालू आणि सोडला की आयडलला (रेस न देता) लगेच बंद. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय नाहीतर कुठून तरी हवा खेचतेय, म्हणून आधी मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या नळीच्या) जॉइंटवर कार्ब क्लीनर मारून बघितला, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) जराही हलला नाही, म्हणजे तिथून हवा खेचत नव्हती, मग कार्बोरेटरचा बाउल (खालची पेट्रोलची वाटी) उघडला तर तळाला तपकिरी चिकट थर आणि पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) उजेडात धरला तर आरपार काहीच दिसेना! तार घालू नका प्लीज, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. क्लीनरमध्ये भिजवून हवा मारली. एअर स्क्रू (आयडलला पेट्रोलमध्ये हवा किती मिसळायची ते ठरवणारा) हलकेच पूर्ण आत, तिथून दीड आटा बाहेर, इंजिन गरम झाल्यावर थोडा पुढेमागे करत आरपीएम सगळ्यात वर जातो तिथे सोडला आणि आयडल स्क्रूने खाली आणला. स्पार्क प्लग आता छान बिस्किटी रंगाचा येतोय, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण बरोबर आहे.