टर्बो बदलायच्या आधी ब्रीदर पाइप काढून बघा

गेल्या पावसाळ्यात आमच्या डिझेल गाडीचं ऑइल कमी व्हायला लागलं, आंबा घाट चढताना मागून निळा धूर यायचा, आणि गॅरेजमध्ये सरळ सांगितलं की टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) गेला, नवीन टाका. मन मानेना म्हणून गाडी मांगरात लावून ब्रीदर पाइप काढला तर आत पिवळट पांढरा चिकट थर, ताकावर लोणी येतं ना अगदी तसा, करंगळीपण जाईना. टर्बो ठणठणीत होता.

होतं काय, पिस्टन रिंगमधून थोडा गॅस खाली उतरतच असतो, नव्या गाडीतसुद्धा. त्याला बाहेर पडायची वाट म्हणजे हा ब्रीदर, बहुतेक गाड्यांत टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणावरून निघून टर्बोच्या आधीच्या हवेच्या पाइपला जोडलेला असतो. आता टर्बोला ऑइल प्रेशरने येतं पण परत इंजिनखालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं ते आपल्या वजनाने, त्यामुळे चेंबरमध्ये गॅस कोंडला की ते ऑइल खाली जात नाही आणि टर्बोच्या सीलमधून बाहेर येतं. कधी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) वर उचलली जाते, कधी ऑइल सील गळतं.

आपल्याकडे घर ते बाजार दोन-तीन किलोमीटर गाडी फिरते, इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ ऑइलमध्ये मिसळते आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत हे लोणी पटकन जमतं. पण एक नीट बघा, हेड गॅस्केट (कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं इंजिनमधलं पॅकिंग) गेलं तरी असाच थर येतो. कूलंट कमी होत असेल किंवा डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ दिसत असेल तर गाडी चालू करू नका, आधी ते दाखवा.

आता काम. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मोबाइलवर दोन-चार फोटो काढून ठेवा, कुठला पाइप कुठे आणि कुठल्या दिशेने ते नंतर आठवत नाही. क्लिप पक्कडीने दाबून मागे सरकवा आणि पाइप आधी गोल फिरवून सैल करा, सरळ ओढू नका, जुनं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. पाइप निघाला की टर्बोकडचं तोंड लगेच मोठ्या स्वच्छ फडक्याने झाका, एखादा खडा किंवा स्क्रू आत गेला तर मग खरंच टर्बो जाईल.

पाइप गरम पाण्यात भांड्यांच्या साबणात अर्धा तास भिजवा आणि बाटलीच्या ब्रशने घासा. पेट्रोल, कार्ब क्लीनर रबराला लावू नका, रबर फुगतं. काथ्या पण नको, घरात हाताशी असतो पण त्याचे धागे आत राहतात. पीसीव्ही व्हॉल्व्ह (ब्रीदरमधून जाणाऱ्या गॅसवर ताबा ठेवणारा) वेगळा असेल तर तो घासत बसण्यापेक्षा बदललेला बरा. चिरलेला पाइपही बदला, चिकटपट्टी लावून चालवू नका. टॅपेट कव्हरवरचं तोंड पुसताना गाळ आत ढकलू नका.

सुकवणं सगळ्यात महत्त्वाचं, त्यात घाई नको. मे महिन्यात उन्हात तासाभरात होतं, पावसात मात्र मी रात्रभर पंख्यासमोर टांगून ठेवला आणि सकाळी आत कापड फिरवून ओल नाही ना ते पाहिलं. तोंडाच्या ओ-रिंगला (रबरी कडीला) बोटाने थोडं ऑइल लावा, फोटो बघून जोडा, फडकं काढल्याची खात्री करा.

मग गाडी चालू करून आयडलवर ऑइलचं झाकण काढून उलटं तोंडावर ठेवा, हातात ग्लोव्ह घाला कारण ऑइल उडतं. डिझेलमध्ये झाकण थोडं थरथरतं ते चालतं, उडून पडलं तर प्रेशर अजून आहे, मग रिंगची कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. मी लगेच ऑइल आणि फिल्टर बदलले आणि आठवड्यातून एकदा हायवेला तासभर गाडी काढतो. धूर मात्र पहिले दोन-तीन दिवस येत राहील, इंटरकूलरच्या (टर्बोमधून आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पाइपात साचलेलं ऑइल जळून जाईपर्यंत, तेवढ्याने घाबरून परत सगळं उघडू नका.