गावात जुन्या इंग्रजी गाण्यांची बैठक भरवायची असेल तर

पहिली गोष्ट, डीजेवाल्याला बोलावू नका. त्याचे डबे वरातीसाठी असतात, तिथं छाती हादरली पाहिजे. आपल्याला बीटल्स या बँडच्या चौघांचे गळे वेगवेगळे ओळखू यायला हवेत. दोन स्पीकरचा घरगुती टेप, एक सतरंजी आणि दहा-बारा माणसं असली की झालं. त्याहून जास्त माणसं जमली तर मागचे आपसात बोलायला लागतात, मग पुढच्यांनाही ऐकू येत नाही.

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात ही बैठक माझ्या घरच्या छपरीत भरते. मी कास्तकारीण. पऱ्हाटी, तूर आणि संत्र्याची थोडी झाडं. या गाण्यांचा नाद मला भावानं लावला. तो नागपूरला होस्टेलवर राहून शिकत होता आणि दिवाळीला येताना सीताबर्डीवरून कॅसेटी भरून आणायचा. एका बाजूला बोनी एम आणि आब्बा, दुसऱ्या बाजूला पिंक फ्लॉइड, असे बँड. तो दिवाळी करून परत जायचा आणि कॅसेटी माझ्याजवळ राहायच्या. गव्हाचे खडे निवडता निवडता मी त्या पाठ केल्या. शब्द सगळे कळत नव्हते, पण कुठं गिटार येते, कुठं ढोल थांबतो हे आजही झोपेतून उठवून विचारा.

हे संगीत शहरातल्यांचं, आपल्या गावात कोण ऐकणार, असं वाटत असेल तर आधी शोधून तर बघा. ज्यांचं तरुणपण १९७५ ते १९९५ च्या मधलं, त्यांच्यात गावोगाव कोणी ना कोणी निघतोच. होस्टेलवर राहून आलेले मास्तर, फौजेतून रिटायर झालेले भाऊ, पुलगावच्या लष्करी डेपोत नोकरी केलेले काका, तालुक्याला कॅसेट भरून द्यायचं दुकान चालवलेला माणूस. एक जण तर मला वावरात सापडला. डुकरं हाकायला जागलीला जायचा तेव्हा सोबत ट्रान्झिस्टर न्यायचा, आणि हिवाळ्याच्या रात्री शॉर्टवेव्हवर काटा फिरवत इंग्रजी गाणी धरायचा. गाण्यांची नावं त्याला माहीत नव्हती, चाली सगळ्या माहीत होत्या. अशी माणसं हुडकायची एक सोपी रीत आहे. चहाच्या टपरीवर मोबाइलवर बोनी एमचं ‘डॅडी कूल’ लावा. ज्याची मान वळली तो आपला.

वेळ हिवाळ्याची धरा. मार्गशीर्ष-पौषात कापसाची वेचणी चालू असली तरी संध्याकाळ मोकळी असते, आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा असल्या की वेगळा फराळ लागत नाही. उन्हाळ्यात हा कार्यक्रम करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पंचेचाळीस डिग्रीच्या दिवसानंतर कूलर बंद ठेवा असं कोणाला म्हणता येत नाही, आणि कूलर चालू असला तर पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ लावून उपयोग नाही. १९७३ चा तो अल्बम सुरू होतो हृदयाच्या ठोक्यांनी, अगदी हळू. ते ठोके ऐकू आले नाहीत तर पुढं घड्याळं एकदम वाजतात तेव्हा दचकायला होत नाही. ती घड्याळं इंजिनिअर अॅलन पार्सन्सनं जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून रेकॉर्ड केली होती. एवढी मेहनत त्यानं केली, आपण कूलर तरी बंद ठेवावा.

आता कॅसेटी. मोबाइलवर सगळं मिळतं हे खरं, आणि ज्या कॅसेटीचं रीळच गेलं तिची गाणी मोबाइलवरूनच लावावी लागतात. पण जिथं कॅसेट जिवंत आहे तिथं तीच लावा. माणूस आपल्या हातानं नाव लिहिलेली कॅसेट बघतो आणि बोलायला लागतो, हे मी दर वेळी बघते. मोबाइल बघून कोणी असं बोलत नाही.

पेटीतून काढलेली कॅसेट लगेच वाजवायला लावू नका. आधी कॅसेटीवरच्या खिडकीतून रीळ बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती पावसाळ्याची बुरशी आहे. ती कॅसेट बाजूला ठेवा, नाहीतर टेपच्या हेडला, म्हणजे रीळ ज्याला घासून वाजतं त्या भागाला, लागून बाकीच्यांनाही लागेल. रीळ स्वच्छ असेल तर षटकोनी पेन्सिल घालून दोन्ही चाकं थोडी फिरवून पाहा, मोकळी फिरली पाहिजेत. मग एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं गुंडाळा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या रिळाचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात, ते यानं सुटतात. कॅसेटीच्या पाठीवरचे दोन छोटे कान शाबूत असतील तर तोडून टाका, म्हणजे कोणी पोट्ट्यानं चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी गाणं पुसलं जाणार नाही.

आवाज दबलेला, घोगरा येत असेल तर नव्वद टक्के दोष टेपच्या हेडमध्ये असतो, कॅसेटीत नसतो. झाकण उघडा, कॅसेट न घालता प्ले दाबा, हेड पुढं येतं. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. सॅनिटायझर नको, त्यात चिकट जेल असतं. कानाच्या कापसाच्या काडीवर थोडं घेऊन हेड पुसा, मग बाजूची लोखंडी दांडी, मग रबराची फिरकी. काडीवर तपकिरी रंग येईल. ती रिळाची झड आहे. काडी पांढरी निघेपर्यंत पुसत राहा आणि वाळू द्या. यानं एवढा फरक पडतो की माणसाला वाटावं नवीन टेप आणला.

रीळ तुटलं असेल तर घाबरायचं कारण नाही. कॅसेटीच्या खोळीला पाच स्क्रू असतील तर ती उघडते. तुटलेली दोन्ही टोकं तिरपी कापा, एकमेकांना भिडवा आणि रिळाच्या आतल्या अंगाला, म्हणजे जी बाजू हेडला लागत नाही तिला, पट्टी लावा. रिळाच्या जोडाची खास पट्टी मिळाली तर तीच वापरा, साध्या सेलोटेपचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो. कडेला उरलेली पट्टी ब्लेडनं साफ करा, रीळ चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतं, जरा जास्तीची कड राहिली की अडकतं. हेडसमोरची छोटी फेल्टची गादी पडलेली असेल तर एखाद्या वाया गेलेल्या कॅसेटीची काढून लावा. साठ मिनिटांची कॅसेट सगळ्यात दणकट. एकशेवीसच्या कॅसेटीचं रीळ फार पातळ असतं, ती पुढं-मागं पळवू नका, सरळ वाजवा.

लाईनचा भरवसा ठेवू नका. इन्व्हर्टर नसेल तर टेपमध्ये मोठे सेल घालून ठेवा आणि तेही नवे. सेल उतरायला लागले की टेप हळू फिरतो, आब्बाच्या दोघी जणी पुरुषी आवाजात गायला लागतात, आणि बैठकीचा सूर तिथंच बिघडतो.

गाण्यांचा क्रम हा खरा विचार करायचा विषय. सुरुवात बोनी एमनं करा. आपल्याकडं ज्यानं एकही इंग्रजी गाणं ऐकलं नाही त्यानंही बोनी एम ऐकलेला असतो. ‘ब्राउन गर्ल इन द रिंग’ लावायच्या आधी बायकांना सांगा की हे मुळात जमैकातल्या लहान पोरींचं गोल करून खेळायचं गाणं आहे. आमच्याकडं हे सांगितल्याबरोबर एक म्हातारी आजी म्हणाली, “म्हणजे भुलाबाईसारखंच की व!” आणि तिनं गाणं संपेपर्यंत टाळीवर ताल धरला. १९७८ चं गाणं, मुख्य आवाज लिझ मिचेलचा, ती जन्मानं जमैकाचीच. ही ओळख झाली की पुढचं परकं वाटत नाही.

दुसरं गाणं गोष्टीचं असू द्या. डीप पर्पलचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ त्यासाठी उत्तम. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी हे लोक रेकॉर्डिंगला गेले होते. फ्रँक झप्पा या अमेरिकन गिटारवाल्याचा कार्यक्रम चालू असताना तिथल्या कॅसिनोला आग लागली, सगळा धूर तळ्यावर पसरला. समोर दिसलं ते त्यांनी गाण्यात घातलं. एवढं दोन वाक्यांत आधी सांगितलं की इंग्रजी न येणारा माणूसही धूर शोधत ऐकतो. गाणं चालू असताना मात्र अर्थ सांगू नका. आधी सांगा नाहीतर नंतर सांगा.

भजनी मंडळातली माणसं असतील तर त्यांच्यासाठी जॉर्ज हॅरिसन. आमच्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकत लोक मोठे झाले, ते तालाला पक्के असतात आणि कुठलाही तबला लगेच ओळखतात. बीटल्सच्या हॅरिसननं १९६५ मध्ये एका गाण्यात सतार वाजवली, पुढं तो पंडित रविशंकरांकडं शिकला, आणि १ ऑगस्ट १९७१ ला दोघांनी मिळून बांगलादेशच्या लोकांसाठी न्यूयॉर्कला मोठा कार्यक्रम केला. त्यात सुरुवातीला पंडितजींनी आणि अली अकबर खाँसाहेबांनी नुसती वाद्यं लावली तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंडितजी म्हणाले, वाद्यं लावणंच एवढं आवडलं तर वाजवणं आणखी आवडेल. आमचे मृदंग वाजवणारे बुवा हे ऐकून फार खूश झाले, आणि त्या दिवसापासून ते दर बैठकीला हजर.

क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ लावायचं असेल तर त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला हे सांगायला विसरू नका. झांझिबारला जन्मलेलं फारुख बुलसारा नावाचं पारशी पोरगं आपल्या महाराष्ट्रात बोर्डिंगला राहिलं, तिथंच पियानो शिकलं आणि पोरांबरोबर त्यानं पहिला बँड काढला. १९७५ चं हे गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं आहे आणि त्यात चाल तीन-चारदा पूर्ण बदलते. मधल्या भागात नवखी माणसं हसतात. हसू द्या, पण आवाज कमी करू नका, कारण लगेच पुढं गिटार येते आणि तेच हसणारे पोट्टे मान हलवायला लागतात.

इथं माझा एक नियम आहे आणि तो मी कोणासाठी मोडत नाही. गाणं मधे तोडायचं नाही. ईगल्स या बँडच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चे शब्द संपले की लोक समजतात गाणं संपलं. संपलेलं नसतं. त्यानंतर डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या दोन गिटारी दोन मिनिटं एकमेकींना उत्तरं देतात आणि शेवटी एकत्र चालायला लागतात. गाण्याचा खरा जीव तिथं आहे. तो ऐकायचा नसेल तर गाणं लावूच नये.

शेवटचं गाणं पिंक फ्लॉइडचं ‘विश यू वेअर हिअर’. त्याची सुरुवात नीट ऐकवा, टेपजवळ सरकायला सांगा. आधी रेडिओचा काटा फिरवल्याचा आवाज येतो, एका स्टेशनावरून दुसऱ्यावर. मग लहानशा रेडिओतून यावी तशी बारीक गिटार. आणि थोड्या वेळानं दुसरी गिटार येते, स्वच्छ, अगदी आपल्या जवळ बसून कोणी वाजवावी अशी. खोलीत एकटा बसलेला माणूस रेडिओबरोबर वाजवतो आहे, असं ते आहे. जागलीवाल्या भाऊंनी हे पहिल्यांदा टेपवर ऐकलं तेव्हा ते म्हणाले, “हे तं आमच्या मचाणावरचं आहे.” याच नावाचा १९७५ चा अल्बम पिंक फ्लॉइडनं आपल्या जुन्या सोबत्याच्या आठवणीत केला. सिड बॅरेट हा त्यांच्यातला सुरुवातीचा गाणारा, मनाच्या दुखण्यामुळं १९६८ मध्ये सुटला. याच अल्बमचं काम चालू असताना तो स्टुडिओत येऊन बसला, अंग सुटलेलं, भुवया काढलेल्या, आणि सोबत्यांनी त्याला आधी ओळखलंच नाही. ही हकीकत गाण्याच्या नंतर सांगा.

मग टेप बंद करा आणि बोलू द्या. ‘तुमचं आवडतं गाणं कोणतं’ असं विचारू नका, माणूस गांगरतो आणि जे नाव आठवेल ते सांगतो. विचारा, हे पहिल्यांदा कुठं ऐकलं, टेप कोणाचा होता, सोबत कोण होतं. टेप कोणाचा होता या प्रश्नावर तर अख्खी संध्याकाळ जाते. जिनिंगवरच्या मुनीमजींचा टेप, लग्नात आंदण आलेला टेप, कपाशीच्या पैशातून वडिलांपासून लपवून घेतलेला टेप. एका वेळी एकानंच बोलायचं. बायका मागं बसल्या असतील तर त्यांना आधी विचारा, कारण एकदा पुरुष सुरू झाले की त्यांचा नंबर लागत नाही. आमच्याकडं सगळ्यात जास्त गाणी पाठ निघाली ती एका नर्सबाईंना, आणि त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

एखाद्या गाण्याच्या सालावरून वाद झाला तर कॅसेटीच्या कागदावर गोलातल्या पी अक्षरापुढचं साल बघा. भरून आणलेल्या कॅसेटीवर ते नसतं, तेव्हा वाद दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवा. रात्री मोबाइल काढला की बैठक मोडते.

एक वही ठेवा. गाणं, कोणाची कॅसेट, कोण काय बोललं, एवढंच लिहायचं. कॅसेटी मालकाला त्याच रात्री परत द्या, पूर्ण मागं गुंडाळून, आणि टिनाच्या खोलीत किंवा स्पीकरला टेकवून ठेवू नका असं सांगून. ज्यांच्या कॅसेटीचं रीळ कमजोर झालं असेल त्यांची कॅसेट मागून घ्या आणि हेडफोनच्या भोकातून वायर लावून तालुक्याच्या एखाद्या जाणत्या पोराकडून कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. पुढच्या बैठकीचा दिवस सगळे उठायच्या आत ठरवा. आठवडी बाजाराचा वार टाळा, आणि वावरात पाणी द्यायची लाईन त्या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, ते आधी विचारून घ्या.