फेलोशिपचा अर्ज कुठे अडकतो? बडोद्यातल्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

विषय कसा आहे हे कुणी पाहण्याआधीच फेलोशिपचे बरेच अर्ज छाननीत बाद होतात. कधी वयाची तारीख चुकलेली असते, कधी दाखला जुना असतो, तर कधी मार्कशीटवर वडिलांच्या नावाला चिकटलेलं ‘भाई’ आडवं येतं. सयाजीराव विद्यापीठातून एमए, एमएस्सी किंवा पीएचडी करणाऱ्यांचे अर्ज साधारण कुठे फसतात आणि ते कसं सुधारायचं, ते इथे सांगितलं आहे.

जुन्या याद्या

‘टॉप २५ फेलोशिप’ अशा फिरत्या याद्यांवरून तयारी सुरू करू नका. त्यांत मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप अजून दिसते, पण ती २०२२-२३ पासून बंद आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांची केव्हीपीवायही बंद झाली. जेआरएफची (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) रक्कम कुठे ३१,००० लिहिलेली असते. १ जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० आणि तिच्या पुढच्या टप्प्याची एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलोशिप) ४२,००० आहे. रक्कमच जुनी असेल तर त्याच पानावरच्या वयाच्या आणि टक्क्यांच्या अटीही जुन्याच असणार.

त्यापेक्षा मोठी चूक म्हणजे फेलोशिप कुणासाठी आहे हे न पाहता नाव ऐकून अर्ज भरणं. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या मास्टर्ससाठी आहे आणि तिला कामाचा २,८०० तासांचा अनुभव लागतो. एमए संपताक्षणी भरून उपयोग नाही. अमेरिकेत संशोधनाला नेणाऱ्या फुलब्राइट-नेहरूच्या डॉक्टरल रिसर्च फेलोशिपसाठी तुम्ही भारतातल्या संस्थेत पीएचडीला आधीच नोंदलेले असावे लागता. अमेरिकेत पूर्ण पीएचडी करायचा खर्च ती देत नाही. गुजरात सरकारची ‘शोध’ योजना राज्यातल्या पूर्णवेळ पीएचडीवाल्यांसाठी आहे: दरमहा १५,००० आणि वर्षाला २०,००० वरखर्चाला, जास्तीत जास्त दोन वर्षं. जे. एन. टाटा एंडोमेंटचं नाव ‘स्कॉलरशिप’ म्हणून घेतलं जातं, पण ती लोन स्कॉलरशिप आहे. १८९२ पासून चालू असलेली, नावाजलेली, तरी कर्जच. घरी सांगताना हा फरक नीट सांगा.

एक्सेलमध्ये स्वतःची यादी करा. रकाने सहा पुरेत: कुणासाठी, वय कोणत्या तारखेला मोजतात, टक्क्यांची अट, कोणते कागद, गेल्या वर्षी जाहिरात कधी निघाली आणि शेवटची तारीख भारतीय वेळेत. शेवटच्या रकान्याला लोक हसतात, पण अमेरिकेतली ‘रात्री ११:५९, ईस्टर्न टाइम’ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे ९:२९, आणि तिकडे थंडीत घड्याळ मागे गेलं की १०:२९. ब्रिटनची ‘दुपारी १२, जीएमटी’ मात्र आपल्या संध्याकाळी साडेपाचला संपते. रात्री बसून भरू म्हणणारा तिथे हमखास चुकतो.

वय आणि टक्के

यूजीसी-नेट या पात्रता परीक्षेत जेआरएफसाठी वय ३० पर्यंत चालतं. महिलांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट आहे. हे वय फॉर्म भरायच्या दिवशी मोजत नाहीत, परीक्षेच्या माहितीपत्रकात, म्हणजे बुलेटिनमध्ये, छापलेल्या तारखेला मोजतात. दोन-तीन आठवड्यांच्या फरकाने बाद होणारे दर वेळी असतात.

मास्टर्सला ५५ टक्के हवेत, ओबीसी नॉन-क्रीमीलेअर, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ५०. ५४.९ चे ५५ होत नाहीत. राउंडिंग चालत नाही असं बुलेटिनमध्ये स्पष्ट असतं. सीजीपीएला ९.५ ने गुणून टक्के काढणं तर सर्रास चालतं. ते सूत्र सीबीएसईच्या दहावीचं होतं. तुमच्या विद्यापीठाचं सूत्र मार्कशीटच्या मागे किंवा परीक्षा विभागाच्या पत्रात मिळेल. ते पत्र सही-शिक्क्यासह घेऊन ठेवा आणि अर्जाला जोडा.

एमएच्या शेवटच्या वर्षातही नेट देता येते. मात्र नेटच्या निकालानंतर दोन वर्षांच्या आत आवश्यक टक्क्यांसह पदवी पूर्ण झाली पाहिजे.

विज्ञानवाल्यांसाठी एक वेगळा खड्डा म्हणजे इन्स्पायर फेलोशिप. आधीपासून इन्स्पायर स्कॉलर नसाल तर तिला एमएस्सीच्या विषयात विद्यापीठात पहिला नंबर लागतो. डिपार्टमेंटमधल्या स्पेशलायझेशनच्या गटात पहिला आलात म्हणजे विद्यापीठात पहिला आलात असं नाही. रँकचं पत्र विद्यापीठाकडूनच हवं, हेडच्या लेटरहेडवरचं चालणार नाही.

नाव आणि दाखले

बडोद्यातल्या मराठी घरांची ही खास अडचण. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. त्यात शाळेत दाखल करताना क्लार्कने वडिलांच्या ‘दिलीप’चं ‘दिलीपभाई’ केलेलं असतं, मुलीच्या नावामागे ‘बेन’ लागलेलं असतं. आधारवर मात्र महाराष्ट्राच्या पद्धतीने नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि वडील नुसतेच ‘दिलीप’. संगणकाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. पासपोर्टवर तिसराच क्रम असेल तर विचारूच नका.

नेटसारख्या परीक्षांना दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे नाव भरायचं असतं. म्हणून दहावीचा कागद मूळ धरा आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या. उलटं करायला गेलात तर बोर्ड, विद्यापीठ आणि डिग्री असे तीन कागद बदलावे लागतील. ‘भाई’, ‘बेन’, ‘कुमार’ काढायचेच असतील तर नावबदल गॅझेटमध्ये छापून घ्या. नुसत्या नोटरीच्या प्रतिज्ञापत्रावर काही ठिकाणी काम भागतं, परदेशी पोर्टलवर सहसा नाही.

ओबीसींनी आणखी एक पाहावं. राज्याचा सामाजिक-शैक्षणिक मागासवर्गाचा गुजरातीतला दाखला केंद्राच्या फेलोशिपला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला वेगळा ओबीसी-एनसीएल (नॉन-क्रीमीलेअर) दाखला मामलतदार कचेरीतून काढावा लागतो, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत गुजरातच्या नावाखाली आहे का हे आधी तपासावं लागतं. आजोबा रत्नागिरी-साताऱ्याहून आले आणि कुटुंबाचे मूळ कागद महाराष्ट्रातले, अशी स्थिती असेल तर कोणत्या राज्याचा दाखला मिळेल हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात सुटणारा नाही. जाहिरातीची वाट न पाहता आधीच विचारून ठेवा. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला त्या-त्या आर्थिक वर्षापुरता असतो. मार्चमध्ये काढलेला जूनच्या अर्जाला शिळा ठरतो.

एकुलत्या एक मुलींसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे, पीएचडीला जेआरएफइतकीच रक्कम देणारी. तिला प्रतिज्ञापत्र लागतं. स्टॅम्प पेपर किती रुपयांचा आणि सही कुणाची हे त्या वर्षीच्या सूचनेत लिहिलेलं असतं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे तयार असलेला मजकूर वापरू नका, यूजीसीचा नमुना घेऊन जा.

शिफारसपत्रं

इथे घाई सगळ्यात जास्त नडते. हेड आहेत म्हणून हेडकडून पत्र घेतलं, त्यांनी एक पेपरही शिकवलेला नाही, आणि पत्रात काय? ‘विद्यार्थी प्रामाणिक, कष्टाळू आणि आज्ञाधारक आहे.’ आज्ञाधारक माणसाला संशोधनासाठी पैसे का द्यावेत, हा प्रश्न समितीला पडणारच. ज्यांनी तुमचं डिझर्टेशन ओळ-ओळ तपासलं त्या असिस्टंट प्रोफेसरचं पत्र यापेक्षा कितीतरी जड पडतं.

सरांकडे किंवा मॅडमकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. एक पान द्या: कोणत्या सेमिस्टरला कोणता पेपर त्यांच्याकडे होता, किती मार्क पडले, प्रोजेक्टमध्ये नेमकं काय केलं, त्यांनी कोणती दुरुस्ती सुचवली आणि ती कशी केली. खाली फेलोशिपचं नाव, ती काय पाहते आणि तारीख. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं उत्तर आलं तर हे पानच पुन्हा पुढे करा. तीन पत्रं एकाच विद्यार्थ्याने लिहिली की तिन्हींत तेच शब्द येतात आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

पोर्टल बहुधा शिफारस करणाऱ्याच्या ईमेलवर लिंक पाठवतं. ईमेल विद्यापीठाचा द्या. लिंक स्पॅममध्ये पडते, म्हणून पाठवल्या दिवशीच फोन करून ‘आली का?’ विचारा. सहा आठवडे आधी विनंती, दहा दिवस आधी आठवण. त्याहून कमी वेळात चांगलं पत्र मिळत नाही.

आणि कॅलेंडर पाहा. परदेशी फेलोशिपच्या बऱ्याच तारखा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात. आपल्याकडे नवरात्रात संध्याकाळनंतर कुणी हाती लागत नाही आणि दिवाळीला बंद झालेली टेबलं लाभपाचमनंतरच (कार्तिक शुद्ध पंचमी) हलतात. ट्रान्सक्रिप्ट, बंद लिफाफा, रजिस्ट्रारची सही हे सगळं नवरात्राच्या आधी उरकलेलं असलं पाहिजे.

प्रस्ताव

‘गुजरातमधील मराठी भाषकांचे सामाजिक व सांस्कृतिक जीवन: एक अभ्यास.’ असा विषय पाहिला की समिती पुढचं पान उलटत नाही. हा विषय दहा जणांना वीस वर्षं पुरेल. त्याचाच एक तुकडा घ्या: १९६० नंतर बडोद्यातल्या मराठी माध्यमाच्या तीन शाळांची पटसंख्या कशी बदलली, जनरल रजिस्टर (शाळेतल्या प्रवेशांची नोंदवही) आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखतींवरून. आता काळ ठरला, जागा ठरली, साधनं ठरली.

मग आकडे मांडा. तासाभराची मुलाखत उतरवून काढायला चार ते सहा तास लागतात. ४० मुलाखती म्हणजे सुमारे २०० तास नुसतं उतरवणं; दिवसाला चार तास बसलात तरी ५० दिवस. हे ज्याच्या वेळापत्रकात दिसतं त्याने काम करून पाहिलंय हे कळतं. ‘महिना १ ते ६: माहिती संकलन’ एवढीच ओळ लिहिणाऱ्याबद्दल तसं वाटत नाही. शाळेने रजिस्टर दाखवलं नाही तर काय, तेही दोन ओळींत लिहा आणि शक्य असल्यास परवानगीचं पत्र जोडा.

आपल्या हातातली गोष्ट न लिहिणं हीही चूकच. बडोदा संस्थानची जुनी दफ्तरं मोडी लिपीत आहेत. मोडी वाचता येत असेल, मराठी-गुजराती-हिंदी-इंग्रजी चारही भाषांत मुलाखत घेता येत असेल, तर ते बायोडेटाच्या तळाशी ‘भाषा’ या ओळीत लपवू नका. प्रस्तावात पद्धतीच्या परिच्छेदात लिहा, कारण ते काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही हे तिथेच पटतं.

परदेशातल्या प्राध्यापकांना ईमेल करताना ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारा एकच मजकूर साठ जणांना पाठवू नका. त्यांचा एक लेख खरोखर वाचा, त्यातली कोणती गोष्ट तुमच्या कामाला लागते ते दोन वाक्यांत लिहा, मग विचारा. दीडशे शब्द पुरेत. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण, बस्स.

मंजूर झाल्यावर

जेआरएफ लागली आणि पीएचडीला जागा मिळेना, ही स्थिती नवी नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा आणि असिस्टंटला चारच विद्यार्थी घेता येतात. गाईडकडे जागा आहे का हे निकालाआधीच विचारा.

दोन फेलोशिप एकाच वेळी घेता येत नाहीत. ‘शोध’ चालू असताना जेआरएफ सुरू झाली तर पहिली लेखी सोडा आणि ती कोणत्या तारखेपासून सोडली याची पोच घ्या. जास्त आलेली रक्कम नंतर परत मागितली जाते.

करारही वाचा. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानने बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं ते दरमहा साडेअकरा पौंडांच्या तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी असा करार करून. मुदत संपली तेव्हा १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना यावं लागलं. आजही चेव्हनिंग आणि फुलब्राइट दोन्हींना संपल्यावर दोन वर्षं देशात राहण्याची अट आहे. तिकडेच पीएचडी करू म्हणणाऱ्यांनी सही करण्याआधी हे पाहावं.

शेवटी बँक. मंजुरी आली, यादीत नाव आहे, पैसे नाहीत, तर बहुतेक वेळा दोष आधारच्या जोडणीत असतो. खात्याला आधार ‘लिंक’ असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या मॅपरवर (कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत जायचे ती नोंद) ते खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, ‘सीड’ असणं वेगळं. मॅपरवर एका आधारला एकच बँक असते, सगळ्यात शेवटी जोडलेली. सिमकार्ड घेताना उघडलेलं आणि विसरलेलं पेमेंट बँकेचं खातं तिथे बसलेलं असेल तर पैसे तिकडे जातात. आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या शाखेत जाऊन डीबीटी सीडिंगचा संमती-फॉर्म भरा, काही दिवसांनी पुन्हा तपासा.

खातं बरोबर असूनही जेआरएफ अडली असेल तर विद्यापीठातल्या मेकर (नोंद करणारा) आणि चेकरने (ती तपासणारा) त्या महिन्याची हजेरी पोर्टलवर कन्फर्म केली का ते विचारा. दोघांपैकी एक जण जरी रजेवर असेल तरी तुमचा महिना पुढे सरकत नाही. जॉइनिंगनंतरचा पहिला हप्ता तसाही उशिराच येतो. चार-सहा महिन्यांच्या खोलीभाड्याची आणि मेसची सोय आधीच करून ठेवा.