नव्या देशात आलात? आधी कचऱ्याचं पत्रक मिळवा

घर लागलं की पहिल्याच आठवड्यात नगरपालिकेचं कचऱ्याचं पत्रक मिळवा आणि फ्रिजच्या दारावर लावा. कुठल्या डब्यात काय टाकायचं, कुठला डबा कधी बाहेर ठेवायचा, हे गावागणिक बदलतं. शेजारच्या गावात राहणाऱ्या मित्राचा सल्लाही तुमच्याकडे चालेलच असं नाही.

प्लास्टिकच्या डब्याखाली बाणांचा त्रिकोण दिसला, म्हणजे तो रिसायकल होणारच असं समजू नका. आतला १ ते ७ मधला आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. १ आणि २ बऱ्याच ठिकाणी घेतात, बाकीच्यांचं पत्रकात बघा.

डबे-बाटल्या विसळून, निथळून टाका. घासत बसायची गरज नाही. पुठ्ठ्याला तेल लागलं असेल तर तेवढा भाग फाडून काढा, कारण कागदाचा लगदा पाण्यात करतात आणि तेल त्यातून निघत नाही. पत्रकात पिशवी सांगितली नसेल तर रिसायकलचं सगळं सुटंच टाका. प्लास्टिकच्या पिशव्या छाननीच्या यंत्रात गुंडाळल्या जातात आणि यंत्र बंद करून कुणालातरी त्या हाताने कापून काढाव्या लागतात. बॅटऱ्या मात्र घरच्या कुठल्याच डब्यात नकोत. लिथियमची बॅटरी ट्रकमध्ये चेपली गेली की पेट घेऊ शकते. त्या गोळा करण्याची वेगळी जागा असते, तिथेच नेऊन द्या.

आता मुलं. त्यांना पर्यावरणावर व्याख्यान देऊ नका, हातात चुंबक द्या. पत्र्याचा डबा चिकटला तर पोलाद, नाही चिकटला तर बहुधा ॲल्युमिनियम. मग चमचमतं वेष्टन मुठीत चुरगाळून सोडायला सांगा. गोळा तसाच राहिला तर ती ॲल्युमिनियमची फॉइल. हळूहळू उलगडायला लागलं तर ते चकाकी चढवलेलं प्लास्टिक. पाच वर्षांचं मूलही हे बिनचूक ओळखतं, आणि मग घरातलं प्रत्येक वेष्टन तपासत सुटतं. तेव्हाच सांगून टाका, की जुनं ॲल्युमिनियम वितळवून वापरलं तर खनिजापासून नवं बनवण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. हातात डबा असताना सांगितलेलं लक्षात राहतं.

मुलं इथली भाषा आपल्याआधी शिकतात, म्हणून पत्रक वाचण्याचं काम त्यांच्याकडेच सोपवा. आणि एखादी वस्तू पत्रकात सापडलीच नाही, विचारायलाही कुणी नसलं, तर ती साध्या कचऱ्यात टाका. एका चुकीच्या वस्तूने रिसायकलच्या डब्यातला चांगला मालही खराब होऊ शकतो.