या चुका टाळा: सरकारने मुलांना दिलेला शब्द तपासताना

मुलांच्या हक्कांवर सरकारच्या अहवालासोबत स्वयंसेवी संस्था संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीला आपला वेगळा अहवाल देतात, तो पर्यायी अहवाल. त्याचा कच्चा खर्डा कुणी वाचायला पाठवला की मी आधी मागची पानं उघडते. शिफारशी तिथे असतात. ‘सरकारने ठोस पावले उचलावीत’ हे वाक्य तिथे तीन-चारदा सापडलं की आतल्या मजकुराचा अंदाज येतो. मुलांचे हाल पानोपानी असतात, तळमळही खरी असते, पण सरकार नेमकं कुठे चुकलं याचा पत्ता नसतो.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 20 नोव्हेंबर 1989 रोजी स्वीकारलेली बालहक्क संहिता आज 196 देशांवर बंधनकारक आहे. संहिता मंजूर करणं म्हणजे सरकारने शब्द देणं, आणि देखरेख म्हणजे तो शब्द कितपत पाळला ते तपासणं. देशातली मुलं किती सोसतात हा त्या तपासणीतला पुरावा आहे, पण नुसता पुरावा मांडून खटला उभा राहत नाही. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

कोणता शब्द दिलाय, हेच न बघणं

अहवाल लिहायला बसलं की लोक थेट शिक्षण, आरोग्य, बालमजुरी या प्रकरणांकडे वळतात. त्याआधी अर्धा दिवस खर्चून कराराची कागदपत्रं काढावीत. देशाने संहिता मंजूर करताना एखादं कलम बाजूला ठेवलं होतं का? ब्रिटनने परदेशातून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत अशीच सूट राखून ठेवली होती, ती 2008 मध्ये मागे घेतली. संहितेच्या हेतूलाच बाधा आणणारी सूट कलम 51 ला मान्य नाही. त्यामुळे ‘ही सूट अजून का कायम आहे?’ हा अहवालातला पहिला प्रश्न होऊ शकतो.

संहितेला नंतर जोडलेल्या, वेगळी मंजुरी लागणाऱ्या पूरक करारांचंही तसंच. अमेरिकेने संहितेवर सही केली, मंजुरी मात्र दिलेली नाही. तरीही मुलांचा सशस्त्र संघर्षातला वापर आणि मुलांची विक्री व लैंगिक शोषण यांवरचे दोन्ही पूरक करार तिने 2002 मध्ये मंजूर केले, आणि तेवढ्यापुरती बालहक्क समिती तिलाही जाब विचारते. उलट बाजूने, मंजुरी दिली म्हणजे न्यायालयात संहितेचा आधार घेता येतो असंही धरून चालू नये. स्वीडनने 1990 मध्येच मंजुरी दिली होती, पण तिथे संहितेला कायद्याचा दर्जा मिळायला 1 जानेवारी 2020 उजाडावा लागला.

‘प्रमाण चिंताजनक आहे’

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा असं माझं मत आहे, म्हणून एक वाक्य जवळून बघू. खर्ड्यात साधारण असं असतं: ‘अल्पवयीन मुलांना कोठडीत ठेवण्याचे प्रमाण चिंताजनक आहे. सरकारने याकडे गांभीर्याने पाहावे.’

जिनिव्हात समितीचे 18 स्वतंत्र तज्ज्ञ बसतात. त्यांच्यापैकी एकाने हे वाक्य वाचलं, तर तो सरकारी प्रतिनिधींना काय विचारणार? ‘तुम्ही गांभीर्याने पाहता का?’ उत्तर येणार ‘होय’, आणि विषय संपला.

आता तेच वाक्य कलमाला बांधून लिहू. कलम 37 म्हणतं की मुलाची अटक वा कोठडी हा शेवटचा उपाय असावा आणि ती कमीत कमी काळासाठी असावी. म्हणजे तपासायच्या गोष्टी दोन: आधी दुसरा उपाय करून पाहिला का, आणि कोठडी किती दिवसांची झाली. नवं वाक्य असं होईल: ‘देखरेखीखाली घरी पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे, परंतु ती देखरेख करणारे अधिकारी राजधानीबाहेर नेमलेले नाहीत. त्यामुळे अन्यत्र न्यायाधीशांपुढे कोठडीखेरीज पर्याय उरत नाही. न्याय मंत्रालयाने प्रत्येक प्रांतात हे अधिकारी नेमावेत व त्यासाठी पुढील अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे.’

आता तज्ज्ञाला ‘किती प्रांतांत अधिकारी नेमले?’ असं विचारता येतं, आणि त्याला ‘होय’ हे उत्तर चालत नाही.

‘कायदा आहे’ एवढ्यावर थांबणं ही याच चुकीची जुळी बहीण. कायदा असतो, पण नियम केलेले नसतात. नियम असतात, तर माणसं नेमलेली नसतात. माणसं असतात, तर पगाराची तरतूद नसते. ही साखळी कुठे तुटते ते शोधून दाखवा. संहितेचा अर्थ कसा लावायचा हे समिती ‘सर्वसाधारण टिप्पण्यां’तून सांगते. त्यातली 2003 ची टिप्पणी क्रमांक 5 याच साखळीबद्दल आहे. कायदे, समन्वय, आकडेवारी, निधी, प्रशिक्षण, स्वतंत्र देखरेख असा त्यातला क्रम हाताशी ठेवला तर अर्धी प्रश्नावली तयार होते.

टिप्पण्या वापरताना मात्र तारीख बघा. गुन्हेगारी जबाबदारीचं किमान वय 12 असावं असं सांगणारी 2007 ची टिप्पणी क्रमांक 10 अजून अहवालांत सर्रास दिसते. तिची जागा 2019 मध्ये टिप्पणी क्रमांक 24 ने घेतली आणि किमान 14 वर्षांचा आग्रह धरला. जुना आकडा वापरून आपणच सरकारला सूट देऊन बसतो.

आकडे, आणि आकड्यांबाहेरची मुलं

कलम 1 प्रमाणे 18 वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल. सरकारी तक्त्यात मात्र वयोगट असतो ‘15 ते 19’. त्यात सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांची बाई एकाच रकान्यात बसतात. असा तक्ता जसाच्या तसा उचलू नका. मूळ आकडे वयाच्या वर्षाप्रमाणे मागा. ते दिले नाहीत, तर तारखेसह तेच लिहा. माहिती नसणं हासुद्धा निष्कर्ष असतो, कारण माहिती गोळा करणं हे सरकारचंच काम आहे.

घरोघरी जाऊन केलेली सर्वेक्षणं घरांतल्या मुलांबद्दल सांगतात. अनाथालयातली, सुधारगृहातली, रस्त्यावर राहणारी मुलं त्यांत येत नाहीत. गंमत अशी की कोठडी आणि संस्था यांवरच्या प्रकरणात याच सर्वेक्षणांचे हवाले दिलेले मी पाहिलेत.

आणखी एक सापळा म्हणजे नोंदलेल्या तक्रारी. त्या वाढल्या म्हणजे अत्याचार वाढले, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. नवी हेल्पलाइन सुरू झाली, लोक बोलू लागले, तरी आकडा चढतो. उलट तक्रारी एकदम घटल्या तर खूश होण्याआधी तक्रार घेणारी खिडकी उघडी आहे का, ते बघून यावं.

पैशाबद्दल थोडक्यात. कलम 4 प्रमाणे सामाजिक, आर्थिक हक्कांसाठी सरकारने उपलब्ध साधनं शक्य तितकी वापरायची असतात. म्हणून तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च दोन्ही मांडा. समजा तरतूद 6 टक्क्यांनी वाढली आणि महागाई 9 टक्के होती, तर ती वाढ नसून कपात आहे. मुलांसाठीच्या सरकारी खर्चावर समितीची 2016 ची टिप्पणी क्रमांक 19 आहे, ती जरूर वाचावी.

गाडी सुटल्यावर स्टेशनवर पोचणं

कलम 44 प्रमाणे पहिला अहवाल दोन वर्षांत आणि पुढचे दर पाच वर्षांनी द्यायचे असतात. प्रत्यक्षात सरकारं उशीर करतात, आणि संस्था सरकारी अहवालाची वाट बघत बसतात. नेहमीच्या पद्धतीत ते चालून जातं. आधी सरकारचा अहवाल, मग आपला पर्यायी अहवाल, मग बंद दाराआडची पूर्वबैठक, समितीची प्रश्नावली, सरकारची लेखी उत्तरं आणि शेवटी जाहीर सुनावणी असा तो क्रम असतो.

पण देशाने सोपी पद्धत स्वीकारली असेल, तर समितीची प्रश्नावलीच आधी निघते आणि तिची उत्तरं हाच सरकारी अहवाल ठरतो. त्यात काय विचारावं हे सुचवायची आपली वेळ सरकारने कागदावर एक ओळ लिहिण्याआधीच येऊन जाते. म्हणून आपला देश कोणत्या पद्धतीत आहे, हे कामाच्या पहिल्याच दिवशी विचारून घ्या. मानवाधिकार परिषदेचा सार्वत्रिक आढावा ही आणखी वेगळी प्रक्रिया आहे. तिथे प्रश्न विचारतात ती इतर देशांची सरकारं, तज्ज्ञ नव्हेत. तिथला अहवाल इथे चिकटवू नये.

तसंच तक्रार आणि अहवाल यांची गल्लत नको. एखाद्या मुलाची वैयक्तिक तक्रार समितीकडे नेता येते, पण देशाने 2014 मध्ये अमलात आलेला तिसरा पूरक करार मंजूर केला असेल तरच. शिवाय देशातले उपाय आधी संपवावे लागतात. ग्रेटा थुनबर्गसह 16 मुलांनी हवामान बदलाबाबत पाच देशांविरुद्ध 2019 मध्ये केलेली तक्रार याच मुद्द्यावर 2021 मध्ये फेटाळली गेली.

मुलांना शेवटच्या पानावर बसवणं

अहवालाच्या शेवटी मुलांची चित्रं, मध्ये कुठेतरी ‘मुलांशी संवाद साधला’ अशी ओळ. मुलांचं म्हणणं ऐकून घ्या असं सांगणारं कलम 12 एवढं स्वस्त नाही. मुलांचं म्हणणं निष्कर्षांत दिसायला हवं, आणि त्यासाठी प्रश्न नीट हवेत. एका गटचर्चेत सुरुवातीचा प्रश्न होता ‘शाळा आवडते का?’ सगळ्यांनी एका सुरात हो म्हटलं. मग कुणीतरी विचारलं, ‘शाळेत तक्रार करायची झाली तर कुणाकडे जाता?’ सगळी गप्प. थोड्या वेळाने एका मुलीने विचारलं, ‘कुणाबद्दलची तक्रार?’ तक्रार शिक्षकांबद्दल असेल तर ती शिक्षकांकडेच द्यावी लागते, हे त्यानंतर बाहेर आलं. तक्रार निवारणावरचा आमचा सगळा भाग त्या एका प्रश्नातून उभा राहिला.

नाव बदललं की ओळख लपली, असं समजू नका. वय, गावाचं नाव आणि घटनेचा महिना एकत्र आले की शेजाऱ्यांना मूल ओळखू येतं. अहवाल गोपनीय ठेवा असं लेखी कळवलं नाही, तर तो संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुला होतो, हेही लक्षात असू द्या.

निरीक्षणं आल्यावर फाइल बंद करणं

सुनावणी होते, समितीची अंतिम निरीक्षणं येतात, पत्रकार परिषद होते आणि पुढची पाच वर्षं शांतता. खरं तर देखरेखीचं सगळ्यात चांगलं हत्यार त्याच दिवशी हातात पडलेलं असतं. आधीच्या फेरीची आणि या फेरीची निरीक्षणं शेजारी-शेजारी ठेवा. मागच्या खेपेला समितीने जिथे ‘शिफारस’ केली होती तिथे आता ‘आग्रह’ आलाय का, कोणता मुद्दा शब्दशः परत आलाय, कोणता गळलाय, ते बघा. मग तक्ता करा: शिफारस, जबाबदार खातं, मागच्या वेळची स्थिती, आजची स्थिती, पुराव्याचा कागद. दर सहा महिन्यांनी शेवटचे दोन रकाने भरा.

पहिली नोंद तर त्याच आठवड्यात करता येते. देशाने आपले अहवाल लोकांपर्यंत व्यापकपणे पोचवावेत असं कलम 44 सांगतं, आणि अंतिम निरीक्षणं देशातल्या भाषांत पसरवा असं समितीही सरकारला सुचवत असते. भाषांतर कधी मिळणार असं संबंधित खात्याला पत्राने विचारा, पोच घ्या आणि पोचेची तारीख पहिल्या ओळीत लिहा.